तळ्याकाठचा बदल कॅमेऱ्यात धरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी पुण्यात असलेला सोलापूरचा एक तरुण महिन्यातून एकदा घरी येतो. दर खेपेला सिद्धेश्वर तलावाच्या आसपास काहीतरी नवं दिसतं. कुठे रेलिंग, कुठे फरशी, कुठे रंगीत दिवे, आणि मागच्या गल्ल्यांत जुनी घरं पाडून उभ्या राहणाऱ्या इमारती. या बदलावर त्याला फोटोमालिका करायची आहे. लेन्स कोणती घ्यावी, रंगीत काढावेत की कृष्णधवल, माणसांना कसं विचारावं, ड्रोन चालेल का, आणि हे सगळं नुसते ‘गरिबीचे फोटो’ होऊ नयेत म्हणून काय करावं, असं त्यानं विचारलंय.

लग्नाच्या सीझनमध्ये लग्नं आणि उरलेल्या वेळात हाच काठ, असं माझं बरीच वर्षं चाललंय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. लेन्सचं नंतर बोलू.

रेलिंगपासून सुरुवात करू नका. नवा माणूस हमखास तेच करतो. चकाकतं स्टील, एलईडीचा खांब, ‘आय लव्ह’वाली अक्षरं. यातलं सगळं कोल्हापूरच्या रंकाळ्यावर मिळेल, ठाण्याच्या मासुंद्यावर मिळेल, नागपूरच्या फुटाळ्यावरही मिळेल. सुशोभीकरणाचं सामान सगळीकडे सारखंच येतं. सोलापूरचं वेगळेपण आहे ते काठावर किती वाजता कोण बसतं यात, आणि बदल खरा तिथेच होतो. म्हणून पहिल्या एक-दोन खेपांना कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि वेळापत्रक मांडा.

पहाटे तलावातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जाणारे आणि फिरायला येणारे एकाच वाटेनं येतात, पण दोन वेगळ्या गावांतले असल्यासारखे चालतात. फुलं-हार-नारळवाले तेव्हा गोणपाट सोडत असतात. दुपारी काठ ओस पडला असं वाटतं. पण सावलीचा प्रत्येक तुकडा कुणीतरी धरलेला असतो: रिक्षावाले, रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार, खेड्यातून दर्शनाला आलेलं आणि फडक्यातली कडक भाकरी, शेंगाचटणी सोडून बसलेलं कुटुंब. संध्याकाळी पोरंपोरी, रील्स, भेळ. रात्री उशिरा पुन्हा वेगळी माणसं. सोमवारचं गणित निराळं आणि श्रावणातल्या सोमवारचं त्याहून निराळं. एकाच बाकावर दिवसभरात कोण कोण बसून गेलं हे टिपलंत तर मालिकेचा कणा तयार झाला. पुढे तो बाक हलवतील, त्यावर मधोमध आडवा दांडा बसवतील म्हणजे कुणी झोपू नये, किंवा शेजारी पहारेकरी उभा करतील. तेव्हा तुमच्या फोटोत काय नाहीसं झालं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता उजेड. भुईकोट किल्ल्याच्या तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला तलाव, अशी मूळ रचना आहे. यातच सगळं आलं. किल्ल्याकडून तलावाकडे बघाल तर सकाळी सूर्य डोळ्यात येतो, देऊळ काळी आकृती होऊन जातं. तिथून संध्याकाळी काढा, ऊन तुमच्या पाठीवरून जाऊन शिखरावर पडतं. उलट पूर्वेच्या काठावर सकाळी उभे राहा, म्हणजे तटाच्या दगडावर थेट ऊन पडलेलं मिळतं. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिपाई लावायची तर परवानगी लागते, आणि बंद होण्याची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर हवा तो उजेड यायच्या आधी शिट्टी वाजते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर उघड्यावर काही निघत नाही. तेव्हा सावलीतली माणसं काढा, ती जास्त महत्त्वाची आहेत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य त्या मानानं खाली असतो, सावल्या उन्हाळ्यापेक्षा लांब मिळतात. पहिला पाऊस पडून गेला की धूळ बसते आणि लांबचंही स्वच्छ दिसतं. ते चार-आठ दिवस वाया घालवू नका.

तुम्ही महिन्यातून एकदाच येता ही अडचण समजू नका. अशा कामाला ते बरंच आहे. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. महिन्यानं येण्याचा फायदा घ्या आणि पाच-सहा जागा कायमच्या ठरवा. दर खेपेला त्याच जागेवरून, त्याच चौकटीत एकेक फोटो.

‘तीच जागा’ हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन पावलं इकडेतिकडे झाली की जुना आणि नवा फोटो जुळत नाही. म्हणून जागा पायाखालच्या खुणेवरून धरू नका, फरशी बदलली की खूण गेली. चौकटीतल्या दोन न हलणाऱ्या वस्तूंवरून धरा, एक जवळची, एक लांबची. जिथून देवळाचं शिखर आणि किल्ल्याचा बुरूज दोन्ही दिसतात अशी जागा शोधा. तिथे उभं राहून हळूहळू डावी-उजवीकडे सरका. शिखर आणि बुरूज यांच्यातली फट वाढते, कमी होते. शिखराची कड बुरुजाच्या कडेला टेकली की थांबा. ती तुमची रेघ. आता पुढे-मागे सरकून दोघांचा लहान-मोठेपणा ठरवा, तो तुमचा बिंदू. सहा महिन्यांनी मधे खांब आले, झाड गेलं, तरी शिखर आणि बुरूज तिथेच असतील आणि तुम्ही बरोबर त्या पावलावर येऊन उभे राहाल. झाडावर, टपरीवर, फलकावर जागा बेतू नका, जाणार आहेत तेच नेमके ते. कॅमेरा छातीशी होता की डोळ्याशी, लेन्स किती मिलिमीटर, किती वाजता, हेही लिहा. मोबाईलवर मागचा फोटो उघडून शेजारी धरलात तरी पुरतं. जानेवारीचा फोटो जूनच्या फोटोशेजारी ठेवून ‘बघा किती बदललं’ म्हणू नका. त्यातलं निम्मं काम सावलीनं केलेलं असतं.

पण अशा जोड्यांवर फार भिस्तही ठेवू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी ठेवले की गोष्ट फार गुळगुळीत होते, पालिकेच्या पुस्तिकेत शोभेल अशी. मधले पंधरा ठेवा. त्यात तीच जागा दोनदा उकरलेली दिसते, खडी पडून राहिलेली दिसते, चिखलातून फळी टाकून ये-जा करणारी माणसं दिसतात.

याच्याशी जोडून एक बोलतो. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्ख्या गावानं मोबाईल वर धरले होते. ती कोसळतानाचे काही सेकंद घराघरात आहेत. पण कारखान्याजवळच्या कुमठ्याच्या एखाद्या अंगणात धुणं वाळत घातलंय आणि मागे ती उभी आहे, असा साधा फोटो शोधायला गेलं तर लोक डोकं खाजवतात. पडणं सगळे टिपतात, उभं असणं कुणी टिपत नाही. तळ्याकाठीही तेच होईल. अतिक्रमण हटाव पथक येईल त्या दिवशी वर्तमानपत्राचे फोटोग्राफर असतीलच. तुम्ही त्याच्या आधीचा साधा मंगळवार काढा.

साधा म्हणजे कसा, ते एका हातगाडीवर दाखवतो. पूर्वी गाडी आणि गिऱ्हाईक एकाच मातीवर उभे असायचे. मग पदपथ वीतभर उंच झाला. गाडी रस्त्यावर राहिली, गिऱ्हाईक वर गेलं. आता भेळवाला कागदाचा पुडा खालून वर देतो आणि पैसे घ्यायला मान वर करतो. गटाराच्या उतारामुळे गाडी घरंगळू नये म्हणून त्यानं मागच्या चाकाला वीट लावलीय, आणि ती वीट पदपथाच्या कामातूनच उरलेली. पुढच्या चाकाजवळ पाण्याचा कॅन, कारण नळ रेलिंगच्या आत गेला. हे सगळं गाडीच्या खालच्या हातभर भागात आहे. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. भेळवाल्याच्या सुरकुत्यांचा जवळून काढलेला फोटो लोकांना आवडेल, लाईक मिळतील, पण त्यातून काठाचं काही कळणार नाही. चाक, वीट, पदपथाची कड आणि वर गेलेला हात एका चौकटीत आले की कळतं.

तुमच्या ‘गरिबीचे फोटो’ या काळजीचं माझ्याकडचं उत्तरही यातच आहे. माणूस नुसता पुरावा म्हणून फोटोत आला की तो गरिबीचा फोटो होतो. तोच माणूस त्याच्या कामातल्या सफाईसकट आला की होत नाही. त्याच्या गाडीची मांडणी बघा. कांदा कुठे, चिंचेचं पाणी कुठे, सुट्टे पैसे कशात. त्याला धंद्याबद्दल विचारा, दुःखाबद्दल नको.

आणि दुसरी बाजू टाळू नका. दिवे आले म्हणून रात्री जेवणानंतर चक्कर मारायला येणाऱ्या बायका आहेत, त्यांना विचारलंत तर बदल चांगलाच झाला म्हणतील, आणि त्यांचं खोटं नाही. रेलिंगवर वाकळ वाळत घालणारी आजी आणि तिला शिट्टी मारणारा पहारेकरी असा फोटो मिळाला तर लगेच बाजू घेऊ नका. बऱ्याचदा तो पहारेकरी त्याच वस्तीतला, ठेक्यावर लागलेला, आणि त्या आजीला नावानं ओळखणारा असतो. शिट्टी मारून झाल्यावर तोच वाकळीचं दुसरं टोक धरतो. शिट्टीचा एक फोटो काढून निघून गेलात तर अर्धंच हाती लागलं. रील्स काढणाऱ्या पोरांनाही हसू नका. नव्या काठाचे खरे रहिवासी तेच आहेत, आणि त्यातली कितीतरी पूर्व भागातल्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या, दोन खोल्यांतून येतात. घरात मोकळा श्वास घ्यायला जागा नसते म्हणून.

कॅमेऱ्याला एक गोष्ट मुळीच दिसत नाही, ती म्हणजे भाडं. आणि वस्ती हलते ती बहुतेक वेळा भाड्यानं, जेसीबीनं कमी. मग भाडं दिसेल कशातून? ‘खोली भाड्याने देणे आहे’चे फलक काढा. अर्धं शटर ओढलेलं दुकान काढा. मला स्वतःला जिन्याखालचे विजेचे मीटर फार बोलके वाटतात. जुन्या वाड्याच्या भिंतीवर सात-आठ मीटर, प्रत्येकाखाली खडूनं नाव. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नावं एकाखाली एक. वाडा पडला की नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मीटरची सुबक पेटी येते आणि त्यावर फ्लॅट नंबर असतात. हे दोन फोटो शेजारी ठेवा. पण खऱ्या माणसांची नावं आणि ग्राहक क्रमांक वाचता येतील असे छापू नका.

माणसांना विचारण्याबद्दल. सोलापुरात हे तुलनेनं सोपं आहे, कारण इथं चार भाषांची सवय सगळ्यांनाच आहे. अक्का, अण्णा, चाचा, मावशी, समोरच्याला जे लागू पडतं त्यानं सुरुवात करा. आधी चहा, मग गप्पा, कॅमेरा नंतर, पण दिसेल असा गळ्यात ठेवा. लपवून ठेवलेला आणि अचानक काढलेला कॅमेरा लोकांना खटकतो. घाटावर आंघोळ, कपडे बदलणं चाललं असेल तर कॅमेरा खालीच. लहान मुलांचा फोटो घरच्यांना विचारूनच. फोटोसाठी पैसे देऊ नका, त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. आणि पुढच्या खेपेला फोटोची प्रत घेऊन जा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो नव्हे, छापलेला, हातात धरता येईल असा. ‘फोटो देतो’ म्हणून गेलेले लोक या काठानं पुष्कळ पाहिलेत. एक प्रत देऊन झाली की दुसऱ्या खेपेला घरात बोलावतात, आणि भिंतीवरचे, ट्रंकेतले जुने फोटो बाहेर निघतात. तलावाच्या काठी काढलेले लग्नानंतरचे जोडीचे फोटो, गड्ड्यातल्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेतल्या, स्टुडिओत पडद्यासमोर काढलेले फोटो. त्यांच्या परवानगीनं तिथल्या तिथे त्यांच्या प्रती टिपून घ्या. तुमच्या मालिकेचा ‘आधी’ तिथे आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नका. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं, आणि ३१ मार्च २०२५ ला केंद्राचं ते अभियान संपलं. म्हणजे आता उद्घाटनाचा काळ सरला, देखभालीचा सुरू झाला. बंद पडलेला दिवा, निखळलेली फरशी, ती कुणी आणि कशानं डागडुजी केली, हे पुढच्या काही वर्षांचं खरं चित्र आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही. दुसरं, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्याला हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कुठे नोटीस चिकटवलेली दिसली तर तारीख वाचता येईल असा सरळ, सपाट फोटो घ्या. कलाकारी नको.

गड्डा यात्रेचं विचारलं नाहीत, पण जानेवारीत याल तर मोह होईलच. सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या, बाराबंदी या पांढऱ्या पारंपरिक पोशाखातले मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न: हे सगळं काढा, मन भरेपर्यंत काढा, पण तुमच्या मालिकेत त्यातला एखाद-दुसराच टिकेल. मालिकेसाठी यात्रा भरते ते होम मैदान बघा. स्मार्ट सिटीत त्याचं रूप बदललं, आणि तरी दरवर्षी त्यावर पाळणे, भांड्यांची दुकानं, खाजा-चुरमुऱ्याचे ढीग येऊन बसतातच. एरवी ज्यांना ‘इथं थांबू नका’ म्हणतात ती माणसं यात्रेच्या दिवसांत पावती फाडून राजरोस बसतात. यात्रेच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा, तंबूचे खिळे ठोकताना आणि उपटताना, तेवढ्यासाठी रजा टाका. तसंच गणपती घाट आणि विष्णू घाटावरचं विसर्जन: मिरवणुकीपेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सिद्धेश्वरवर फार गर्दी वाटली तर विजापूर रोडचा कंबर तलाव आहे, कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव. तिथे मोठ्या लेन्सवाले पक्षीमित्र भेटतील, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. त्यांच्याशी दोस्ती करा, पण पाण्याकडे पाठ करून उभे राहा. जलपर्णी काढायला उतरलेले मजूर आणि मागे गच्चीत उभे असलेले नव्या सोसायटीतले लोक, असं तिथे एका चौकटीत येतं.

आता सामान. साधारण ३५ मिलिमीटर, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर २३-२४. झूम नसलेलीच. मोबाईलचा मुख्य कॅमेराही चालेल, फक्त ०.५वाली वाइड नको, ती कडेच्या माणसांना ताणते. टेलिलेन्स घरी ठेवा, लांबून चोरून काढलेला फोटो ओळखू येतो. रात्री एलईडीखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यापेक्षा वेगात, विशेषतः सायलेंट शटरवर, फोटोत आडवे पट्टे येतात. रंगीत दिव्यांत लाल आणि निळा रंग लगेच जळतो, एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) कमी एक्स्पोज करा, रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल ठेवा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाश आणि दिवे एकसारखे उजळ दिसतात. ती वेळ पाचेक मिनिटांची असते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावलात तर पाण्याचा हिरवेपणा खरा दिसेल, पण प्रतिबिंब जाईल. नव्या इमारतीचं प्रतिबिंबच हवं असेल तर तो फिल्टर काढून ठेवा.

रंगीतच काढा. कृष्णधवल केलं की कालचा फोटो पन्नास वर्षांपूर्वीचा वाटायला लागतो, आणि आज सकाळी धंद्याला आलेला माणूस बघता बघता इतिहासजमा होतो. शिवाय इथं काळ रंगांतून कळतो. कुठला फ्लेक्स कधीचा, कुठला रंग जुन्या कंत्राटातला, कुठला नव्या. ते घालवून काय मिळणार?

प्रत्येक फाइलला त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, तोंड कुठल्या दिशेला, आणि एक ओळ: काय चाललं होतं. ‘भेळवाला’ नको. ‘पदपथ उंच झाल्यावर गाडी रस्त्यावर’ असं. दोन प्रती ठेवा, एक पुण्यात, एक सोलापुरात. इन्स्टाग्रामवर घाई करू नका. आधी ज्यांचे फोटो आहेत त्यांना दाखवा. ते जिथे ‘हे असं नव्हतं’ म्हणतील तिथली ओळ दुरुस्त करा. एखाद्याला फोटो नकोच असेल तर काढून टाका, वाद घालू नका.

राहिलं ड्रोनचं. शक्यतो नको. होटगी रोडचं विमानतळ शहराला लागून आहे आणि विमानं पुन्हा सुरू झालीत. उडवायचंच म्हणालात तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा, तुमचा भाग कुठल्या रंगात येतो ते कळेल. शिवाय वरून माणूस दिसत नाही, आणि तुमचा विषय तोच आहे. वरचं दृश्य हवं असेल तर संगणकावर गुगल अर्थ उघडा, घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारा, आणि तलावाची जुन्या तारखांची उपग्रहचित्रं एकामागून एक बघत जा. कुठल्या वर्षी कुठला पत्रा गेला आणि स्लॅब आला, कुठली पायवाट मिटली, हे फुकटात दिसतं. त्यावरून जागा ठरवा आणि पुढच्या खेपेला चालत जा.